काळा निघाला की बाजूला

पेपरातलं ते कात्रण अजून फ्रीजवर आहे,
एका कोपऱ्याला आमटीचा डाग.
वर ठळक: ‘कामावर जाणाऱ्या आईबाबांसाठी’.
खाली: मुलांना नऊच्या आत झोपवा,
जेवताना मोबाईल नको,
दिवसातून एकदा तरी सगळ्यांनी एकत्र बसून जेवा.
सूर्यास्ताआधी जेवलेलं उत्तम, असंही त्यात आहे.
सासूबाईंना फोनवर वाचून दाखवलं
तर समडोळीहून हसल्या,
‘आमच्यात हे कवापासून हाय.
पेपरला आत्ता कळलं व्हय?’

कुपवाडला सूर्य पावणेसातला मावळतो.
मी सातला सुटते.
कुलसुमभाभींकडून श्रेणिकला उचलते,
तेव्हा भरतेश दुपारपाळीत मशीनवर.
रात्री साडेबाराला येतो
गल्लीच्या तोंडाशी गाडी बंद करून, ढकलत,
कुत्री उठू नयेत म्हणून.
कुत्री उठली की श्रेणिक उठतो.

मिरजेत त्याचं रक्त तपासलं.
आठ पॉइंट सहा.
डॉक्टरीणबाईंनी आकड्याला लाल गोल केला,
शाळेत चुकलेल्या गणिताला करतात तसा.
‘दूध किती पितो?’
‘भरपूर,’ मी तोऱ्यात.
‘तेच कमी करा. त्यानं पोट भरतं, रक्त नाही.’
मग बाटली: सकाळी, लिंबूपाण्याबरोबर,
दुधाबरोबर अजिबात नको,
शी काळी होईल, घाबरू नका.
नाचणी, हाळीव, पालेभाजी,
आणि रात्री भिजवलेले काळे मनुके.
‘सांगलीत राहून मनुक्यांना काय तोटा?’

मी हात पिशवीखाली घेतले.

चार वर्षं झाली, बेदाण्याच्या शेडवर निवडायला आहे.
पट्टा सरकत राहतो.
हिरवा जाऊ दे, पिवळा त्या क्रेटमध्ये,
देठ, खडा,
काळा निघाला की बाजूला.
बघावंसुद्धा लागत नाही आता,
बोटांनाच डोळे फुटलेत.
बाजूला काढलेला काळा कुठं जातो
आम्ही कधी विचारलं नाही.
सुटताना गेटवर हौसाक्का तपासते
डबा, पिशवी, रुमालाची गाठ.
चार वर्षांत माझ्याकडे
एक दाणा सापडलेला नाही.
हे मी माहेरीसुद्धा सांगत असे.

दुसऱ्या दिवशी पट्ट्यावर हात थांबला.
एक काळा, चांगला टपोरा,
चिमटीत धरलेला.
शेजारची म्हणाली, ‘काय गं, लग्न ठरवायलीस काय त्याचं?’
सगळ्या हसल्या.
टाकला बाजूला.

येताना विश्रामबागेत उतरून
पाव किलो विकत घेतले.
अर्ध्या दिवसाची हजेरी गेली.
पाकिटावर आमच्याच शेडचा शिक्का.
घरी ताटात ओतले
आणि हात आपोआप निवडायला लागले.
सगळे काळे.
एक हिरवा निघाला,
तो बाजूला ठेवला.
मग एकटीच हसत बसले,
श्रेणिक माझ्याकडे बघत,
हातात लिंबूपाण्याचा ग्लास, तोंड वाकडं.

आठवड्यानं एका रात्री कुत्री उठलीच.
श्रेणिक दारात, अर्धी चड्डी घसरलेली,
हेल्मेटसुद्धा काढू न देता:
‘पप्पा, माझी शी काळी झाली!’
पहिला नंबर आल्यासारखा आवाज.
भरतेशला काय बोलावं कळेना,
त्यानं शेकहँड केला.

ताट वाढलं.
श्रेणिक त्याच्या मांडीवर चढला,
मी भिंतीला टेकून खाली बसले
आणि बसल्याबसल्या मलाही भूक लागली.
उद्यासाठी भिजवलेली वाटी
मधोमध येऊन कधी रिकामी झाली कळलं नाही.
मोबाईल गाडीच्या डिकीत राहिला होता.
फ्रीजवरचा कागद पंख्यानं हलत होता.
तिघं. एकत्र. बसून.
वेळ बारा पन्नास.

सासूबाईंना सांगायचं नाही,
एवढं मात्र ठरलं.