कोरडे केस

तीस वर्षं झाली, या गावच्या तरणतलावावर
बायकांच्या न्हाणीघरात मी उभी आहे.
पायात पांढरे रबरी बूट, कमरेला किल्ल्या
आणि तोंडी एकच वाक्य:
सगळे कपडे उतरवा, साबण लावा, मग पाण्यात.
पाणी जमिनीतूनच गरम येतं, औषध आम्ही फार घालत नाही,
म्हणून अंग स्वच्छ हवं. एवढं साधं आहे ते.
महापौरबाईंनाही मी एकदा मागे फिरवलं होतं,
मानेला साबण लागला नव्हता म्हणून.

आमच्या फियोर्डात कोणी लाजत नाही.
आजीचं पोट, नातीचं पोट, एकाच फवाऱ्याखाली.
बाळंतपणाच्या रेघा, ऑपरेशनचे टाके,
सगळ्यांना सगळं ठाऊक.
मला वाटायचं, याहून मोकळी जागा जगात नसेल.

मग राजधानीतून पत्र आलं.
एक बंद खोली हवी, ज्यांना हवी त्यांच्यासाठी.
कारण विचारायचं नाही.
सभेत केटिल सुतार म्हणाला,
"कारणच नाही, तर दार कशाला?"
लोक हसले. मीही हसले.
तरी खोली त्यानंच केली, आणि चोख केली.
बसायला फळी, धरायला दांडा,
चाकाच्या खुर्चीतून हात पोचेल इतकी खाली कडी.
दारावर ना बाईचं चित्र, ना पुरुषाचं,
नुसता निळा फवारा रंगवलेला.
फीत कापली. केक खाल्ला.
फोटोत मी डावीकडून दुसरी.

पहिल्या आठवड्यात कोणी आलं नाही.
दुसऱ्या आठवड्यात मी तिथे एक मॉप टेकवला.
जागा रिकामी दिसली की माझे हात शिवशिवतात.
मग बादल्या.
मग नाताळच्या दिव्यांची खोकी, तुटक्या पोहायच्या फळ्या,
कोणाचा तरी उरलेला एकच बूट.
मुद्दाम कोणी केलं नाही.
मुद्दाम कोणी कधीच करत नाही.

यागोदा फेब्रुवारीत आली, शाळेच्या वर्गाबरोबर.
वय चौदा, आई मासळीच्या कारखान्यात, मूळच्या पोलंडच्या.
मंगळवारी मुलं पोहून बाहेर पडतात
तेव्हा वारा ओल्या केसांत बर्फ धरतो,
बसपर्यंत जाईस्तोवर कानांशी काड्या वाजतात.
हिचे केस कोरडे.
पहिल्या मंगळवारी म्हटलं, सर्दी असेल.
तिसऱ्या मंगळवारी म्हटलं, बाहेरची आहे, होईल सवय.
पाचव्या मंगळवारी ती मला त्या दारात दिसली.
कडी तिनं काढली होती. आत बादल्या.
ती काही बोलली नाही.
एक हात पोटाशी, स्वेटरवरून,
जसं कोणी झोपलेलं मांजर धरावं,
आणि दुसऱ्या हातानं
तिनं दार पुन्हा लावलं, अगदी हळू,
जणू आत कोणी अंघोळ करतंय.

त्या रात्री मी एकटीनं खोली उपसली.
चौदा बादल्या निघाल्या. मोजल्या मी.
ठेवायला दुसरी जागा नव्हती, हे खरंच होतं.
आजही नाही.
आता त्या माझ्या ऑफिसात आहेत, खुर्चीवरसुद्धा दोन.
कॉफी मी उभ्यानं पिते.

पुढच्या मंगळवारी ती आली.
तीस वर्षांचं वाक्य जिभेवर आलं, गिळलं.
कडी लागली. पाण्याचा आवाज आला.
साबण लावला का, विचारलं नाही.
पोटाशी काय होतं, मला अजून ठाऊक नाही.
गावात सगळ्यांना सगळं ठाऊक असतं;
हे एक नसू दे.

बस आली. मुलं धावली.
सगळ्यांत शेवटी ती पायऱ्या उतरली,
मान झटकली,
आणि तिच्या वेणीतून काच वाजली.

बादल्यांचं अजून काही ठरलेलं नाही.