दिवाळ्याचा धक्का, अष्टमी

शलाका, जागा ठरली. दिवाळ्याचा धक्का.
सकाळी सहाला, वद्य अष्टमीच्या दिवशी.
हिराजीनाना म्हणाले, तिथीची पाऊणपट कर,
भरतीची वेळ बोटांवर येते.
आठाची पाऊणपट सहा.
उशीर केलास तर पाणी उतरेल,
मग मागे नुसता चिखल, आणि कुणाची तरी चप्पल.

सॅटिनचे जुनेच शूज आण.
सिमेंटवर खवले चिकटलेत,
नवे एका उडीत संपतील.
सुताराला प्लायवूड सांगितलंय, तीन बाय चार,
फोटोत दिसणार नाही एवढंच.
अंगठ्यांना पट्ट्या. केळी.
कपडे बदलायला नानांची खोली आहे,
कडी लागत नाही, मी बाहेर उभा राहीन.

काल उजेड मोजायला गेलो होतो.
नानांची सून जाळं वाळत टाकत होती.
बांबू उंच, म्हणून चवड्यांवर,
टाचा अधांतरी, मान ताणलेली,
दातांत सुतळी.
किती वेळ उभी होती कोण जाणे.
मीटर माझ्या हातात तसाच.

विचारलं, अष्टमीला इथं नाच चालेल ना?
सुतळी काढून म्हणाली,
चालंल की.
सातला होड्या लागतात,
तवर आटपा.