पिवळा दोरा

बाराशे रुपये.
म्हणजे अस्तराचे तीन ब्लाउज, हूक-काजासकट.
दोना पावलाच्या जेटीवर मी मनात हिशेब मांडला
आणि मोडला,
कारण पैसे भिशीचे, चिठ्ठीही भिशीची,
आणि डब्यातून नाव माझंच निघालेलं.
एकीनं वर जायचं, सहाजणींनी खालून बघायचं,
हे इचलकरंजीतच ठरलं होतं.

आग्नेलनं वजन विचारलं.
आजवर मापं मी घेतली, छाती छत्तीस, मुंढा सोळा.
माझं कुणी विचारलं नव्हतं.
अठ्ठ्याहत्तर, म्हणाले.
रुक्साना खोकली.
ब्याऐंशी, म्हणाले.

लेकीच्या सलवार-कमीजवरून पट्टे आवळले त्यानं,
नजर खाली, हात भरभर,
मी गिऱ्हाइकाच्या अंगावर टाचण्या लावते तसे.
‘भियेनाका गो मावशे.’
भ्यायला वेळ कुठं मिळाला?
बोटीनं ओढ घेतली आणि पायाखालची फळी गेली,
जेवता जेवता कुणी पाट काढून घ्यावा तशी.

वर गेल्यावर म्हणे समुद्र बघायचा असतो.
मी कापड बघितलं.
लाल-निळं, सुळसुळीत, पोटात वारा धरून ताठ.
परकराला जोडतो तशा कळीला कळी जोडलेल्या,
दुहेरी टीप, बारीक टाका,
कारखान्यात न थांबता मारलेली शिवण.
आणि उजवीकडच्या तिसऱ्या कळीवर
ठिगळ.
वीतभर. पिवळ्या दोऱ्याचं.

हे कारखान्यातलं नव्हे.
ही पायमशीनची टीप.
कोपऱ्यावर वळताना जरा घसरली आहे,
तिथं मागं येऊन पुन्हा मारली आहे,
आणि पुन्हा.
अशी टीप मी ओळखते.
रात्री साडेअकराला, डोळे चुरचुरत असताना,
कुणाला तरी सकाळी हवंय म्हणून
मारलेली असते ती.

ब्याऐंशी किलो त्या पिवळ्या दोऱ्यावर लोंबकळत होते
आणि मला बरं वाटलं.
कारखान्याला काय पडलंय माझं.
हिनं तीनदा मारली होती.

मग खाली बघितलं.
मिरामारची वाळू, सुरूची झाडं,
त्यामागं पणजी, कुणीतरी कात्रणं सांडल्यासारखी.
मांडवी समुद्रात शिरते तिथं
गढूळ आणि निळं यांचा कड जुळत नाही,
नुसतं टाचून ठेवलंय,
शिवायचं राहून गेलंय.
माझे हात आपोआप पुढं झाले,
पट्ट्यांनी मागं ओढले.

आमच्या गल्लीत रात्रंदिवस माग चालतात.
लग्नात ऐकले, बाळंतपणात ऐकले,
हे गेले त्या रात्रीही कुणी थांबवले नाहीत.
इथं पहिल्यांदा ऐकू आलं
की माग बंद आहेत.

किती वेळ, ते सांगता येत नाही.
पाच मिनिटांचेच पैसे होते.

खालून आग्नेलनं हात हलवून काही विचारलं.
मला वाटलं, बरी आहेस ना.
मी जोरात मान हलवली.
दोरी सैल सोडली मेल्यानं,
आणि मी गुडघ्यापर्यंत अरबी समुद्रात.
जी शिवी तोंडातून गेली
ती आमच्या गावचीच,
गोव्यात कळली नसावी.
बोटीवरचा दुसरा पोरगा हसला, म्हणजे कळली.

पट्टे सोडवताना विचारलं,
‘ते पिवळं ठिगळ कुणाचं?’
त्याला वाटलं, तक्रार आहे. चेहराच उतरला.
‘म्हज्या आवयन शिंवलां.’
‘तिला सांग, टीप चांगली आहे.
पण हा दोरा घालू नको म्हणावं, उन्हात कुजतो.
जाड नायलॉन घे.’
बराच वेळ तो बक्कल तसंच धरून उभा होता.

जेटीवर सहाजणींनी घेरलं.
‘काय काय दिसलं गं?’
सलवारीतून पाणी गळत होतं, ओठांवर मीठ.
‘ठिगळ,’ म्हणाले.
पद्मलनं माझ्या कपाळावर हात ठेवला,
आणि शेवंता लिंबू-सोडा आणायला पळाली.