खुरातलं वर्ष

घोड्याचा खूर वरून खाली वाढतो,
महिन्याला करंगळीच्या नखाएवढा.
केसांच्या कडेशी आज जे उगवतं
ते जमिनीला टेकायला वर्ष जातं.
म्हणून मी आधी जनावराचं तोंड बघत नाही.
पाय उचलतो, मांडीवर घेतो
आणि मागचं वर्ष वाचतो.

फेब्रुवारीत पसरणी घाटातून टेंपोनं एक घोडी आली.
हौद्यात कोबीची पानं चिकटलेली.
सुदाम रांजणे म्हणाला, दस्तगीरचाचा,
रेसची हाय. पुण्याची. कागद बी हायती.
कागदावर तिच्या सात पिढ्या होत्या.
मला माझ्या तीनच ठाऊक, तिन्ही नालबंद.
नाव लिहिलं होतं सदर्न वर्डिक्ट.
सुदामनं ते दोनदा वाचलं, कागदाची घडी घातली
आणि म्हणाला, राणी.

पाचगणीच्या पठारावर राण्या अकरा आहेत.

पायात ॲल्युमिनियमचे नाल.
एक काढून तळहातावर घेतला,
चहात बुडवायच्या बिस्किटाइतका हलका.
असा नाल पळण्यासाठी असतो,
उभं राहण्यासाठी नाही.

मग खूर.
तळाला गुळगुळीत, पाणीदार:
ओट, हरभरा, जवसाचं तेल, दोन वेळा खरारा,
कुणीतरी हिच्या पायाला बर्फसुद्धा लावला असेल.
त्याच्या वर एक खोल वळ.
ताप आला असेल.
किंवा पाय दुखत असताना एक शर्यत जास्तीची झाली असेल.
सुई खुरात दिसत नाही, वळ दिसतो.
आणि अगदी वर, केसांशी,
बारीक बारीक वळ्या, एकीला एक लागून.
या उपासाच्या.
हिचा खर्च परवडत नाही असं कुणीतरी हिशेबाच्या वहीत लिहिलं,
त्या दिवसापासूनच्या.

नळीच्या मागं डाग दिलेले, ओळीनं.
मी ओठ उचलून पाहिलं.
शेवटचे दुधाचे दात अजून तोंडात होते.

सुदाम वाईट माणूस नाही.
पोराच्या डब्यातली भाकरी मोडून तिला देतो,
पण तिच्या पोटाला भाकरी म्हणजे
हत्तीच्या कानात वारा.
खोगिराला प्लास्टिकची गुलाबं, एक चक्कर दीडशे.
खाली जांभा, मे महिन्यात तव्यासारखा.
मी लोखंड ठोकलं. आतून चामडं घातलं.
चामड्याचे पैसे मागितले नाहीत, एवढंच माझं पुण्य.

एकदा पाठीवर इचलकरंजीचा एक पोरगा होता, गॉगलवाला.
समोरच्या स्ट्रॉबेरी-क्रीमवाल्यानं शटर वर फेकलं,
खाडकन.
घोडी मागच्या पायांवर बसल्यासारखी दबली,
मान लांब, कातडीखाली सगळं ताठ.
मी म्हटलं, गेला पोरगा.
पण ती सुटली नाही.
तिनं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं.
बाकीच्या कुठं गेल्या?

पोरगा हसला, म्हणाला, अजून एकदा.
सुदामनं लगाम धरला, मारलं नाही.
त्याचाच हात थरथरत होता.
दुकानदार म्हणाला, शटर वाजणारच, लोखंड आहे.
लोखंडाचं मला सांगतो!
संध्याकाळी मी माझी तेलाची बुधली घेऊन गेलो,
दोन्ही पट्ट्या पुसल्या, तेल सोडलं,
चार वेळा वरखाली केलं.
पाचव्यांदा आवाज आला नाही.

पावसाळाभर ती खाली वाईला, माझ्याच पत्र्याखाली होती.
दर सहा आठवड्यांनी मी खूर तासत गेलो.
बर्फ गेला, ओट गेले,
तो खोल वळ दिवाळीनंतर जमिनीशी आला
आणि एका सकाळी रांपीखाली चंद्रकोरीसारखा सुटून पडला.
उपास तेवढा उरला होता,
तो या फेब्रुवारीत काढला.
आता तिच्या पायात पुण्याचं काही नाही.
सगळं इथलं, कडब्याचं, शिळ्या पावाचं, जांभ्याचं.

शेवटचा तुकडा चहाच्या टपरीखालच्या कुत्र्यानं पळवला.
त्यांना आवडतो तो वास.
मी पाय खाली सोडला, कंबर धरून उभा राहिलो.
समोर शटर उघडत होतं, तेल पिऊन गप्प.
राणीचे कान
त्याच्या आधीच उभे होते.