करेक्शन

दिवसा मी मध्यवर्ती बसस्थानकात असतो,
जाळीच्या खिडकीमागं, चहाचे गोल डाग पडलेल्या रजिस्टरापुढं.
गारगोटी फलाट तीन. गगनबावडा फलाट नऊ.
बावीस वर्षं भोंग्यातून सांगतोय
आणि बावीस वर्षं माणसं खिडकीशी येऊन विचारतात,
“सायेब, गारगोटी कुठं लागती?”

रात्री अकराला, कळंब्याच्या खोलीत,
मुलीनं टाकून दिलेला हेडफोन चढवून
मी उजळाईवाडीचा टॉवर होतो.
टॉवर खोटा, आभाळ खोटं,
रंकाळा म्हणजे पडद्यावर सांडलेली निळी शाई.
माणसं तेवढी खरी:
सांगलीचे एक दातांचे डॉक्टर,
मस्कतहून ड्यूटी संपवून येणारा एक जण,
आणि हुपरीचा पोरगा, सिएरा हॉटेल रोमियो,
ज्याच्या माइकमागं कुणीतरी चांदी ठोकत असतं.
मागचा आवाज बंद करा, असं नियमानं मी सांगायला हवं.
अजून सांगितलेलं नाही.

इथं बोलायच्या आधी ऐकायचं असतं.
दुसऱ्याचं संपेपर्यंत थांबायचं, वर एक श्वास जास्तीचा.
दोघं एकदम बोलले की कुणाचंच कळत नाही,
नुसती किंचाळी येते कानात.
आमच्या घरी जेवताना साधारण तीच येते.
आधी ज्याला हाक मारायची त्याचं नाव, मग आपलं,
मग कुठं आहोत, मग काय पाहिजे.
पाल्हाळ नाही. “जेवला का” नाही.
आणि मी जे सांगीन ते समोरच्यानं परत म्हणून दाखवायचं.
पहिल्या रात्री मी एकाला म्हणालो, चार हजार फूट.
तो म्हणाला, चार हजार फूट.
उगाच गळा दाटला माझा.
बायकोनं दारातून विचारलं, काय झालं?
काय सांगणार.

कुणी चुकलं तर त्याचा बाप काढत नाहीत.
निगेटिव्ह म्हणतात, आणि बरोबर ते पुन्हा सांगतात,
आवाज तसाच ठेवून.
डेपोत निगेटिव्हला जे शब्द आहेत
ते कवितेत बसणार नाहीत.

परवा तिघं एकदम उतरायला आले.
डॉक्टरांना घाई, दोनदा मध्येच बोलले,
मी “स्टँड बाय” म्हणालो, जरा जोरातच,
आणि त्याच झोकात हुपरीला सांगून बसलो:
रनवे शून्य सात, उतरायला मोकळा.

ठोकणं थांबलं.
मग तो, सावकाश, परीक्षेत हात वर करावा तसा:
“कोल्हापूर टॉवर, सिएरा हॉटेल रोमियो,
कन्फर्म रनवे शून्य सात?
वारा दोनशे चाळीसवरून दिला होता.”

बटन दाबून मी गप्प.
एवढं सोळा-सतराचं पोर,
चूक माझी, आणि त्यानं ती प्रश्नात गुंडाळून
माझ्याच हातात परत ठेवली, कुणाला दिसू न देता.
“करेक्शन,” मी म्हणालो. “रनवे दोन पाच.”
“रनवे दोन पाच,” तो म्हणाला.
चांदी पुन्हा सुरू झाली.

झोप आली नाही.
मागच्या दिवाळीतली राधानगरीची गाडी आठवत राहिली.
मी चार म्हणालो होतो, लागली अकराला.
पिशव्या, पोरं, एक म्हातारा काठी टेकत पळाला सगळा फलाट.
मी खिडकीतून म्हणालो होतो,
नीट ऐकत जावा की.

आज सकाळी गारगोटीची गाडी तीनऐवजी सातवर वळली.
मी भोंगा चालू केला. घसा खाकरला.
“दुरुस्ती,” म्हणालो.
चालक-वाहक वळून बघाय लागले, मगदूमला झालंय काय.
“दुरुस्ती. गारगोटी फलाट तीनवर नाही. फलाट सात.
चूक नियंत्रकाची आहे.”

माणसं नेहमीसारखीच पळाली.
फक्त शेंगा विकणारी आक्काताई, पाटी डोक्यावर घेता घेता,
खिडकीकडं न बघता म्हणाली,
“गारगोटी, सात.”

मी माइक बंद केला
आणि हळूच म्हणालो, अफर्म.