दुसरी रांग, डावीकडून तिसरी

लिंकनमध्ये कोर्ट किल्ल्याच्या आत आहे.
टेकडी चढून जावं लागतं,
म्हणून पहिल्या दिवशी आम्ही बाराही जण
चोरी करून पळाल्यासारखे धापा टाकत होतो.
मी दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरी.
औषधाच्या दुकानातून दोन आठवड्यांची रजा,
डब्यात कालची उसळ,
आणि शपथ वाचताना 'मी' या शब्दावर अडकलेला घसा.

चिप्सच्या दुकानावरचं घर. गेल्या मार्चमधली रात्र.
दारातल्या पत्रांच्या फटीतून ओतलेलं पेट्रोल.
आई रात्रपाळीला. आत टॅमसिन होलरॉइड, वय एकोणीस.
इथपर्यंत कुणाचंच दुमत नव्हतं.
काडी कुणी ओढली, तेवढंच राहिलं.

सरकारी वकिलाकडे अकरा सेकंदांचं चित्रण होतं:
पाऊस, टोपडं ओढलेला एक माणूस, त्याची पाठ.
एक शेजारीण होती, तिने चाल ओळखली,
उजवा पाय ओढतो, म्हणाली, क्रेगसारखा.
त्या संध्याकाळी टेकडी उतरताना मी पाहत होते,
अर्धं गाव उजवा पाय ओढत होतं.
लायटर होता, त्यावर कुणाचेच ठसे नव्हते.
आणि काचेमागे क्रेग ॲपलयार्ड स्वतः,
तिला पाठवलेले घाणेरडे मेसेज कबूल करून
जांभई देणारा.
ती जांभई मी अजून माफ केलेली नाही.
पण जांभईला नंबर देऊन
पुराव्याच्या पिशवीत घालता येत नाही.

हा सूर्य, हा जयद्रथ, असं आम्ही म्हणतो.
इथे चार दिवस नुसता जयद्रथ दाखवत होते,
सगळ्या बाजूंनी, मोठा करून.
सूर्याच्या जागी
लिंकनशायरचं आभाळ.

न्यायाधीश म्हणाले, खात्री असेल तरच.
वाटतं, हे चालणार नाही. बहुतेक, हेही नाही.
मग दार बंद झालं.

आत काय झालं ते सांगायचं नाही, कायदा आहे.
नवऱ्याला सांगितलं नाही,
या कवितेलाही नाही.

'दोषी नाही' ऐकून टॅमसिनची आई ओरडली नाही.
तिने पर्स बंद केली.
बंद होताना चाप वाजला, तेवढंच.

ओरडायला बाकीचं शहर होतं.
मासळीवाला रॉडनी हॅडॉकची कातडी ओढत म्हणाला,
त्या बारांच्या घरात एकदा पेट्रोल ओता,
मग बघू त्यांना काय पुरावा लागतो. बरोबर ना, डक?
इथे लाडाने बदक म्हणतात.
मी म्हटलं, दोन तुकडे दे, शेपटीकडचे नकोत.
त्याचा राग खोटा नव्हता, त्याला मुलगी आहे.
त्या रागाला क्रेगचं घर कुणी दाखवलं
ते मात्र कळेना.
साप साप म्हणून भुई धोपटत होते सगळे;
त्या रांगेत बसले नसते
तर काठी माझ्याही हातात असती.

'दोषी नाही' आणि 'निर्दोष' यांच्यामध्ये
पाऊल मावेल एवढी जागा असते.
रात्री तीनला मी तिथे उभी असते, अनवाणी.
तोच असला तर?
असेलही.

नोव्हेंबरात ती दुकानात आली.
झोपेच्या गोळ्या, अठ्ठावीस.
मी दोनदा मोजल्या. नाव पडताळलं, डोस पडताळला.
आमच्या धंद्यात अंदाजाने गोळी देत नाहीत,
हे तिला सांगावंसं वाटलं,
आणि लगेच स्वतःची लाज वाटली.
नियमाप्रमाणे विचारलं, पत्ता?
तिने चिप्सच्या दुकानाचा सांगितला.
थांबली.
मग दुसरा सांगितला.
माझ्याकडे पाहिलं, लागतं त्याहून जरा जास्त वेळ.
हिरवा स्कार्फ मी तेव्हापासून घातलेला नाही.

कागदी पिशवी दुमडली, पिन मारली.
तिरकी बसली.
काढून पुन्हा मारली.