खाली उतरायची जागा

म्हापशाला, तारीकडे,
जिथे शुक्रवारचा बाजार उठला की
शनिवारी नाकाला पदर लावून जावं लागायचं,
तिथे आता फाटक आहे
आणि फाटकावर वेळ : सहा ते आठ.

पिएदाद म्हणाली, चल गो, पाहून येऊ.
तिचे गुडघे, माझा मोतीबिंदू,
दोघींचं मिळून एक धड माणूस.

फळ्यांची वाट खारफुटीतून जाते.
झाडाझाडाला पाटी, तीन लिप्यांत नाव.
मी वाचत राहिले, सवयीने.
तेहतीस वर्षं नगरपालिकेत टपाल नोंदवलं,
याच नदीच्या तक्रारी
माझ्या हाताने तांबड्या फितीत बांधल्या.
आवक क्रमांक अजून आठवतात.
जावक नव्हतेच.

पिएदाद पाट्यांकडे बघत नव्हती.
कठड्यावर पोट टेकून
ती ओहोटीचा चिखल बघत होती,
तापातून उठलेल्या पोराची
जीभ बघावी तसा.
एक निवटी उडाली.
एका मोठ्या नांगीचा खेकडा बिळाच्या दारात
कुणाला तरी बोलावत होता,
किंवा हाकलत.
"भोकां पळय," ती म्हणाली, "बारीक, जोडयेजोडयेन.
तिसऱ्यो परत आयल्यात."

मग रखवालदाराला विचारलं,
"सकयल देंवपाची वाट खंय?"
त्याला कळेना. मी हिंदीत सांगितलं.
उतरायला मनाई आहे, माई, लखिंदर म्हणाला.
शिट्टी गळ्यात, गणवेश एक माप मोठा.

मनाई?
पोटात पोर असताना
मांडीएवढ्या चिखलात उभी राहून
टोपली भरलेली बाई ती.
कठड्याची रंगवलेली सळई
तिने नखाने खरवडून पाहिली.
"बरी केली न्हंय," म्हणाली,
"आनी आता इस्पितळाभशेन पयसुल्ल्यान पळोवपाची?"
हे मात्र मी भाषांतर केलं नाही.
त्याला कळलंच असावं.

त्याने मागेपुढे पाहिलं.
शेवटच्या बाकामागे, पाटी नसलेल्या झाडापाशी
कठड्याची एक सळई सैल आहे,
साडेसातनंतर तो तिथूनच गळ टाकायला उतरतो.
बोटावरचे दोरीचे वळ दाखवले त्याने.
माझ्या गावीही नदी आहे, म्हणाला,
कोयल नाव तिचं,
आणि पुढे काही बोलला नाही,
शिट्टी उगीच पुसत राहिला.

आम्ही त्या बाकावर जाऊन बसलो.
भरती यायला वेळ होता.
पिएदादने चपला काढून
माझ्या मांडीवर ठेवल्या,
झग्याची किनार कमरेला खोचली.

अजून पावणेसातच झाले होते.